दिवसा, सूर्यप्रकाशात

"आधी वर बघा, मग लिहा."

आमचे कायद्याचे सर हे दिवसातून दहादा तरी म्हणायचे, आणि म्हणताना स्वतः वर बघायचे. वर्गात असले तर खिडकीशी जाऊन मान बाहेर काढायचे. पेनाचं टोपण दातात, कपाळाला आठ्या, डोळे आभाळात. मग मनगटावरचं घड्याळ बघून फळ्यावर तारीख आणि वेळ लिहायचे. साधी हजेरीवर सही करायची झाली तरी हा सोपस्कार चुकत नसे. पहिल्या आठवड्यात आम्हा पोरींना वाटलं, माणूस फार देवभोळा दिसतो. एकीचं म्हणणं पडलं की सरांची मान आखडली असावी.

तुम्ही कधी पोलीस ठाण्यात गेला असाल, तर टेबलाशी मान खाली घालून लिहीत बसलेला एक हवालदार नक्की पाहिला असेल. आपण पोटतिडकीने सांगत असतो आणि तो मान वर करत नाही. आपल्याला राग येतो. आमच्या सरांची अर्धी नोकरी त्या टेबलाशी गेली होती. ठाण्यात त्या लिहिणाऱ्याला रायटर म्हणतात. सिनेमातला पोलीस पळतो आणि गोळ्या झाडतो, खरा पोलीस लिहितो. हेही सरांचंच वाक्य.

आमचं प्रशिक्षण सांगलीच्या बाजूला चाललं होतं. मी कवठे महांकाळची. भरतीसाठी दोन वर्षं माळावर धावले होते, पण कायद्याचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं. पहाटे परेड, मग कवायत, आणि जेवण झाल्यावर कायद्याचा तास. झोप येणार नाही तर काय होणार? सर कुणाला नावाने हाक मारत नसत, छातीवरच्या नंबराने मारत. माझा नंबर बत्तीस.

"बत्तीस नंबर, बाहेर जा आणि आभाळ बघून या."

मी डोळे चोळत व्हरांड्यात जायची, परत येऊन सांगायची की ढग आहेत. कुठल्या दिशेला, असा प्रश्न यायचा. पुन्हा बाहेर. मग सावली कुठल्या अंगाला पडलीय? पुन्हा बाहेर. तिसऱ्या फेरीला झोप पार उडालेली असायची आणि सगळा वर्ग तोंड दाबून हसत असायचा. सर हसत नसत. रागावतही नसत. जत तालुक्यातल्या दुष्काळी वस्तीवरचा माणूस, घरात कानडी बोलणारा. आवाज चढवणं त्यांना जमायचंच नाही.

त्यांनी कायदा आम्हाला पाढ्यासारखा पाठ करून घेतला. अटकेची कारणं सांगा, नातेवाइकाला कळवा, चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करा. गुन्हा आपल्या हद्दीतला नसला तरी आधी लिहून घ्या, हद्द मागाहून बघा. आरोपीने पोलिसाला दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, पण त्या कबुलीवरून जी वस्तू सापडते ती चालते. म्हणून वस्तू कुठं, कशी, कुणासमोर आणि केव्हा सापडली ते लिहिण्यात सगळा जीव आहे. ते लिहिणं म्हणजे पंचनामा.

त्यातच नवा कायदा आला आणि सरांची पंचाईत झाली. आयुष्यभर तोंडात बसलेली कलमं रातोरात बदलली. तीनशेदोनचं एकशेतीन झालं, चारशेवीसचं तीनशेअठरा. सरांनी एक वही केली होती, डाव्या बाजूला जुना आकडा, उजवीकडे नवा. शिकवता शिकवता जुना आकडा तोंडातून जायचा, मग ते थांबून वर्गाची माफी मागायचे. एकदा म्हणाले, "घर बदललं तरी पाय जुन्याच बोळात शिरत्यात." मागच्या बाकावरून एकीने विचारलं, सर, मग लबाड माणसाला आता तीनशेअठरा म्हणायचं का? त्या दिवशी मात्र सर हसले.

आता जप्तीचं मोबाइलवर चित्रीकरण करणं बंधनकारक झालंय, हे सांगताना सर फार खुलले होते. उजेड होता की अंधार, ते आता मोबाइलच सांगेल, असं दोनदा म्हणाले. मग आभाळ बघायचं काम संपलं का सर, असं मी विचारलं. त्यांनी खिडकीतून वर बघितलं.

"मोबाइल बघंल. तुमी बी बघा."

तोपर्यंत मी या सगळ्याला म्हाताऱ्या माणसाचा छंद समजत होते.

थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी त्यांनी आमच्याकडून पंचनाम्याचा सराव करून घेतला. चोरीचा माल म्हणजे सरांचा जेवणाचा डबा. चोर झालेल्या पोरीने तो मैदानाच्या कडेच्या कुंपणात लपवला होता. आम्ही तिला घेऊन गेलो, पंच म्हणून दोघींना उभं केलं. डबा काढेपर्यंत सूर्य बुडाला आणि शेवटच्या ओळी मी बॅटरीच्या उजेडात लिहिल्या. स्टीलचा गोल डबा, झाकणावर पोचा, आत भाकरीचा तुकडा व शेंगदाण्याची चटणी. लिहिताना आम्ही पोट धरून हसत होतो. मी कागद सरांच्या हातात दिला तेव्हा मला वाटलं होतं शाबासकी मिळेल.

सरांनी तो शेवटपर्यंत वाचला. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं आणि ते तिथून हलेना. मी नमुन्याच्या पुस्तकातून पाठ केलेलं शेवटचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं, 'सदरचा पंचनामा दिवसा सूर्यप्रकाशात केला असून तो आम्ही वाचून पाहिला, बरोबर आहे.' वर वेळ लिहिली होती, सायंकाळी सहा ते सहा पन्नास.

बाकीच्यांना त्यांनी जायला सांगितलं. मला वाटलं आता मैदानाला फेऱ्या. सर व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि मलाही बसायला सांगितलं. पोलिसात वरचा माणूस शेजारी बसवतो तेव्हा फेऱ्यांपेक्षा जास्त भीती वाटते.

"हेच वाक्य मी लिव्हलं व्हतं," ते म्हणाले. "आसंच."

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. जतकडच्या एका वस्तीवरची मेंढपाळाची मुलगी लग्न करून जवळच्याच गावात दिली होती. नवऱ्याने दांडक्याने मारलं, ती गेली. नवऱ्याने दांडका गवताच्या गंजीत लपवला होता, तो त्यानेच काढून दिला. त्यावर रक्त होतं. दुसरा पुरावा जवळजवळ नव्हता. साहेबांनी पंचनामा सांगितला, सरांनी लिहिला. हिवाळ्यातली संध्याकाळ, पावणेआठची वेळ, एका हातात बॅटरी. हाताला सवय, हाताने शेवटचं वाक्य लिहून टाकलं.

कोर्टात आरोपीच्या वकिलाने फक्त ते वाक्य वाचायला लावलं. मग विचारलं, जत तालुक्यात सूर्य किती वाजता मावळतो? कोर्टात हशा पिकला. मग कागद ठाण्यात बसून लिहिला असला पाहिजे, असं वकील म्हणाले. पंचांपैकी एकाने तेवढ्यात अंग काढून घेतलं. दांडक्याची जप्ती कोर्टाला संशयास्पद वाटली आणि आरोपी सुटला. सर म्हणाले, न्यायाधीशांचं काही चुकलं नाही, त्यांच्यापुढं कागद होता आणि कागद खोटं बोलत होता. दांडका खरा होता, फक्त माझं वाक्य खोटं होतं. त्यानंतर त्यांनी स्वतः मागून प्रशिक्षणाकडे बदली घेतली होती.

मी माझा कागद मागितला, तर त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

त्या मुलीची आई मी पुढच्या महिन्यात पाहिली. रविवारी गेटवर माझी ड्यूटी होती. हिरवं जाड लुगडं, उन्हाने काळवंडलेला चेहरा, हातात फडक्याचं गाठोडं. मोडक्या मराठीत तिने सरांची चौकशी केली. सर आले, तिच्यापुढे उभे राहिले, दोघं कानडीत बोलले. तिचा एकच प्रश्न होता आणि सरांचं एकच उत्तर.

"म्याल ऐती, अव्वा."

गाठोडं सरांच्या हातात देऊन ती एसटीला निघून गेली. त्यात हुलगे होते. दर तीन-चार महिन्यांनी ती यायची आणि मूठभर काहीतरी आणायची. त्यांनी घेतलं नाही तर तिला वाईट वाटतं, आणि घेतलं तर माझ्या घशाखाली उतरत नाही, असं सर म्हणाले. मी त्या कानडी वाक्याचा अर्थ विचारला.

"वर हाय, आई. असं म्हनलो."

केस वर, म्हणजे हायकोर्टात आहे. सुटकेच्या दिवशी कोर्टाच्या आवारात तिने सरांची बाही धरून विचारलं होतं, आता काय? त्यांनी सांगितलं होतं, सरकार अपील करणार आहे, वर जाणार आहे. ते तेव्हा खरंच होतं. पुढे ते अपील वरच्या कोर्टाने दाखलच करून घेतलं नाही. सगळं संपलं होतं आणि त्याला काही वर्षं झाली होती. बाई मात्र येत राहिली आणि सर 'वर हाय' म्हणत राहिले.

नव्या कायद्यात एक तरतूद आहे. तपास कुठवर आलाय ते फिर्यादीला नव्वद दिवसांच्या आत कळवायचं. सर आम्हाला हे शिकवायला उभे राहिले त्या दिवशी मी मान खाली घातली होती. त्यांनी कलम फळ्यावर लिहिलं, वाचलं आणि खडू खाली ठेवला. नंतर व्हरांड्यात मला म्हणाले, "कळवायचं हे कायद्यात लिव्हलंय, बत्तीस नंबर. कसं कळवायचं ते कुटंच लिव्हलं न्हाई."

मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करते. एवढा कायदा शिकवणारा माणूस एका बाईला चार शब्द सांगू शकत नाही? मी एकदा तसं बोललेही. सर नुसते हो म्हणाले. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

प्रशिक्षण संपलं आणि मला नेमणूक मिळाली जतकडच्याच एका ठाण्यात. टँकरवरून भांडणं, मेंढरं दुसऱ्याच्या रानात शिरली म्हणून भांडणं, असं आमचं काम. पहिल्याच महिन्यात साहेबांनी मला लिहायला बसवलं. पहिली फिर्याद लिहिताना मी खिडकीशी जाऊन वर बघितलं, तर सगळे हवालदार माझ्याकडे बघायला लागले. एकाने तर मान आखडली का, असं विचारलं.

सर निवृत्त झाले, त्यानंतर थोड्या दिवसांनी त्यांचा फोन आला. म्हणाले, अंगावर वर्दी असेपर्यंत तोंड उघडत नव्हतं, आता सांगता येईल. पुढच्या बाजाराच्या दिवशी बाईला निरोप धाडून तुमच्या ठाण्यात बोलावलंय. तुम्ही शेजारी बसा. बाईमाणूस शेजारी असलेलं बरं.

"सांगनार हाय मी," ते म्हणाले. "या बारीला सांगतोच."

त्या आवाजाने मला बरं वाटलं. बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. सर अंघोळीला गेले होते, तिथेच पडले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

बाईला निरोप कोण देणार? वस्तीवर फोन लागत नव्हता. बाजाराच्या दिवशी साडेअकराला ती ठाण्याच्या दारात उभी राहिली, हातात फडक्याचं गाठोडं घेऊन. सांगलीच्या साहेबांनी बोलावलंय, काहीतरी सांगायचंय म्हणाले, असं तिने मोडक्या मराठीत सांगितलं. मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. मला दोन वाक्यं सांगायची होती. रात्रभर मी ती घोकली होती.

"मावशी, सर गेले," मी पहिलं वाक्य बोलले. "काल. काळजाचा झटका आला."

तिला कळलं. तिने पदर तोंडाशी धरला. बाहेर बाजारात कुणीतरी बकऱ्यांचे भाव ओरडत होतं. 'केस कधीच संपलीय' हे दुसरं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात तिनेच डोळे पुसले.

"वरच गेलं म्हना की," ती म्हणाली. "आता तितं समक्ष इचारत्याल. लय वर्सं कागदच जात व्हता, आता मानूसच गेला."

तिने गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं, त्यांच्या घरी पोचवा म्हणाली. मग उठली, दारापर्यंत गेली आणि वळून उभी राहिली.

"मग मी आता कवा येऊ, बाई?"

मी खिडकीतून वर बघितलं. आभाळात बोटभरही ढग नव्हता, ऊन लख्ख होतं. भरदिवसा, सूर्यप्रकाशात मी त्या माउलीला सांगितलं, "या की पुढच्या बाजाराला."