बानूला झालंय तरी काय

सारजाआत्या बोलायला लागली की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं, असं शेळगावात म्हणत. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोरीला स्थळ आलं, कारखान्यात कुणाचा मुलगा कायम झाला, हे आधी तिला कळायचं आणि मग तिच्यामुळे गावाला. ती माझ्या वडिलांची चुलत बहीण. तिच्या सासऱ्यापर्यंत घरात मेंढरं होती. तरुणपणी ती कळपामागे कोकणापर्यंत चालत गेलेली. माळावर दूरच्या माणसाला हाक घालावी तशा आवाजात ती चुलीपाशीही बोलायची.

म्हणून बारामतीच्या दवाखान्यात ती बाकड्यावर ओठ मिटून बसलेली दिसली, तेव्हा तीच आजारी आहे असं मला वाटलं.

साल चौऱ्याण्णव. मी बारामतीला कॉलेजात होते, होस्टेलवर राहायचे. आत्याचा मुलगा गेणू मला न्यायला आला होता. त्याची बायको बानू, तिला सलाईन लावली होती.

"काय झालं तिला?" मी वाटेत विचारलं.

"आईला इचार," तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

आत्याने मला जिन्याखाली ओढलं. "दिवस गेल्यात तिला." तिला कुजबुजायची सवय नव्हती, शब्द अर्धा मोठ्यानेच निघाला आणि तीच दचकून मागे बघायला लागली.

"मग चांगलंच आहे की."

"गप! तिसरा सरल्याबगर कुणाला कळाय नगं. तिच्या बापालाबी सांगितलं न्हाय."

मला तिच्या भीतीचं कारण ठाऊक होतं. आदल्या वर्षी बानूला दिवस गेले होते. आत्याला इतका आनंद झाला की दुसऱ्याच महिन्यात तिने निमगाव केतकीच्या बाजारात कासारणीला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगितलं. थोड्याच दिवसांत ते सगळं गेलं. डॉक्टरांनी काही कारण सांगितलं होतं. आत्याने ते ऐकलं नाही. "माज्या तोंडानं गेलं त्ये," असं ती तेव्हा म्हणाली होती आणि अजून म्हणत होती.

या खेपेला बानूला फोडणीचा वास सोसेना, मग साबणाचा, मग माणसांचा. लिंबू, आवळासुपारी, भाजलेले चिंचोके, सगळं करून झालं. घोटभर पाणीही उलटून पडायला लागलं. शेवटी अंगणात उभ्या उभ्या ती कोसळली. गेणूने शेजाऱ्याची जीप आणली आणि तोंडावर टॉवेल धरलेल्या बानूला उचलून आत निजवलं. भर दुपारी, भर चौकातून जीप निघाली. पारावर बसलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं.

दवाखाना नवरा-बायको दोघा डॉक्टरांचा होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "अंगातलं पाणी संपलंय हिच्या. तोंडाने काही टिकत नाही तोवर शिरेतून द्यायचं. उलटीसाठी इंजेक्शनही देतेय. काळजी करू नका."

आत्या बाटलीतला थेंब न् थेंब बघत होती. "बाई, पोटात घोटभर ऱ्हाईना, आन हातातनं दोन बाटल्या गेल्या. त्या गेल्या कुठं?"

"रक्तात."

"आन तितनं लेकराच्या अंगावर न्हाय ना पडत? गार हाय त्ये."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि नाही म्हणाल्या. त्या गेल्यावर आत्याने पिशवीतून घोंगडीचा तुकडा काढून नळीला गुंडाळला. नर्सने तो सोडला. नर्स वळताच आत्याने परत गुंडाळला.

एक गोष्ट मात्र तिने डॉक्टरीणबाईंकडून कबूल करून घेतली होती. कुणी विचारलं तर सांगायचं नाही.

आता सलाईन लावली म्हणजे माणूस चाललं, अशी तेव्हा गावाची समजूत. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीपासून माणसं यायला लागली. पहिला आला भावकीतला दत्तोबा, हातात दोन शहाळी घेऊन.

"वयनी, काय झालंय सूनबाईला?"

आत्या खोटं बोलायला शिकलीच नव्हती. तिने छताकडे पाहिलं. "कावीळ."

"डोळं तर पांढरं दिसत्यात."

"आतनं हाय."

मग शेजारची सरुबाई आली. तोवर आत्याला कावीळ धोक्याची वाटू लागली असावी. काविळीचं औषध देणारी बाई गावातच होती आणि ती लगेच दवाखान्यात आली असती. "मुरडा," ती सरुबाईला म्हणाली. मला पॅसेजमध्ये एका म्हाताऱ्याने गाठलं, तेव्हा मुरड्याचं मला माहीत नव्हतं. मी कावीळच सांगितली. गेणूने खाली चहाच्या टपरीवर कुणाला तरी ॲसिडिटी सांगितली होती.

ही सगळी माणसं परतीच्या एसटीची वाट बघत एकाच बाकावर बसली. तिथे एका बाईचे तीन आजार एकत्र आले. उलट्या होतात, जीपमधून उचलून आणतात, सलाईन लावतात आणि घरचे सरळ सांगत नाहीत. यातून त्यांनी काय काढलं ते आम्हाला दुपारनंतर कळलं.

बायकांच्या रडण्याचा आवाज आधी फाटकातून आला. मग जिन्यावर वहाणा वाजल्या. निमगाव केतकीहून बानूचे वडील तात्याबा जीपभर माणसं घेऊन आले होते. खाटेपाशी येऊन ते थांबले. बानू इंजेक्शनच्या गुंगीत होती, ओठ सुकलेले.

"काय पिली माजी पोरगी?"

आत्या उठून उभी राहिली. "काय पिली न्हाय वो, पाव्हणं. मुरडा—"

"ॲसिडिटी," त्याच वेळी दाराशी गेणू म्हणाला.

"बघा!" तात्याबा मागच्या माणसांकडे वळले. "मायलेकाचंबी जमंना. फवारायचं औषध पिली म्हंत्यात समदी. अशी काय पाळी आणली तुमी तिच्यावर, आँ? काढा ही सलायन. इंदापूरला नेतो तिला, आन तितनं पोलिसात."

"सलाईन काढायची नाही," नर्स मध्ये आली. डॉक्टरीणबाईही आल्या. "तिच्या अंगात पाणी नाही. अशी हलवलीत तर तिच्या जिवाला धोका आहे."

"मग सांगा, झालंय काय?"

डॉक्टरीणबाईंनी आत्याकडे पाहिलं.

मीही पाहिलं. तिच्या तोंडात शब्द आला होता. तो बाहेर पडला तर गेल्या वर्षीसारखं होणार, याची तिला खात्री होती. नाही पडला तर बानूला हातातली सुई उपसून जीपमध्ये घालतील. नळीकडे, बानूकडे आणि पुन्हा नळीकडे तिची नजर जात होती. तात्याबांनी स्टँडला हात घातला.

तेव्हा आत्याने त्यांची बाही धरली. विहिणीने व्याह्याची बाही धरलेली कुणी पाहिली नव्हती. तिने त्यांना ओढत जिन्याखाली नेलं. वरच्या कठड्यावरून आम्हाला फक्त त्यांची पाठ दिसत होती. मग पाठही दिसेना, कारण ते खाली बसले.

परत आले तेव्हा त्यांच्या टोपीचं टोक कानावर आलं होतं. बरोबरची माणसं वाट बघत होती.

"काय वो, तात्याबा? काय हाय मग?"

तात्याबांनी छताकडे पाहिलं. "मुतखडा."

"मुतखडा? मग पोलिसात जायाचं का न्हाय?"

"कुठलं पोलिस? गप जीपीत जाऊन बसा."

ते स्वतः गेले नाहीत. खाटेच्या पायथ्याशी बसून त्यांनी बानूच्या घोट्यावर हात ठेवला. ज्या बायका रडायला म्हणून आल्या होत्या, त्यांना आता काय करावं ते कळेना. आत्याने त्यांच्यासमोर शहाळी ठेवली. त्यांनी ती पिऊन टाकली.

संध्याकाळी आत्या माझ्याजवळ आली. "घराभायेरच्या एका मानसाला सांगितलं मी. एकाला चालतं का गं?"

"चालत असेल."

"असंल नगं म्हनू. तू शिकल्याली. कुठं लिवलंय का तसं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बानू दोन घोट पाणी प्यायली आणि आम्ही तिघी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो, आत्या, नर्स आणि मी. पाणी राहिलं. दुपारी अर्धं बिस्किट राहिलं. डॉक्टरीणबाईंनी थोडं थोडं खायला सांगून घरी सोडलं. उलट्या लगेच गेल्या नाहीत, पण पुन्हा सलाईन लावायची वेळ आली नाही. तिसरा महिना सरेपर्यंत आत्या बाजाराला गेली नाही.

चौथा लागला तेव्हा मी सुट्टीत शेळगावला होते. पेढे घेऊन आत्या निघाली, मला बरोबर घेऊन. पहिलं घर सरुबाईचं.

"लई बेस झालं," सरुबाईने पेढा तोंडात टाकला. "लेकराच्या मायेनं तरी पोरगी परत तसला इचार करायची न्हाय."

"कसला इचार? अगं, तवाबी हेच व्हतं! त्याच्याच उलट्या व्हत्या!"

"व्हय गं, व्हय." सरुबाईने तिच्या हातावर थोपटलं. "तुजी सून, तू झाकायचीच. आमी काय बोलतोय का कुणाला?"

"तात्याबाला इचार!"

"त्येंनी मुतखडा सांगितला नव्हं?"

बाहेर पडल्यावर आत्या बांधावर थांबून उरलेले पेढे मोजायला लागली. तिला राग आला होता की हसू, मला ओळखता आलं नाही. बानूला नेमकं कशाने राखलं, यावरही ती बहुधा विचार करत असावी. शिरेतल्या पाण्याने, तिच्या गप्प राहण्याने, की आणखी कशाने?

"एक बरं झालं बग," शेवटी ती म्हणाली. "इतकं दिस समदं गाव तिच्या तोंडाकडं बगत व्हतं. पोटाकडं कुणी बगितलंच न्हाय."

मग आम्ही दत्तोबाच्या दारात गेलो. त्याने दोन पेढे उचलले, बातमी ऐकून पटका सावरला.

"वा! आन वयनी, कावीळ उतरली का समदी?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"उतरली," ती म्हणाली.