पिंपात परत ओतलेलं

माझे बाबा घरी पेल्यात उरलेलं दूधसुद्धा पातेल्यात परत ओतू द्यायचे नाहीत. "काढलं ते परत नाही," म्हणायचे. आई वैतागायची, "हे काय तुमचं गोदाम आहे?" पण गोदामात त्या नियमावर माणसांचे जीव होते. तिथल्या पिंपांत रॉकेटसाठीचं पेरॉक्साइड असायचं. दिसायला पाणी, पण मळाचा एक कण पडला की आतल्या आत तापत जातं आणि पिंप फुटतं. बाबांनी ते सव्वीस वर्षं सांभाळलं. सगळे त्यांना 'परतनाही' म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचंही.

मामाला तिथे चिकटवलं ते बाबांनीच, साहेबांकडे शब्द टाकून. मामा कसला, आळसाचा गड्डा! एका चाचणीनंतर बादलीत थोडं उरलं. ते भरपूर पाण्यात पातळ करून टाकायचं, वर नोंद करायची, म्हणजे तासाभराची कटकट. यानं इकडेतिकडे बघितलं आणि सरळ पिंपात ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत बाबांना त्या पिंपाचं तापमान नऊ अंशांनी चढलेलं दिसलं. त्यांनी पाण्याचे फवारे सोडले, भोंगा वाजवला, ओरडून ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः शेवटी निघाले. पिंप फुटलं, भिंत गेली. माणूस एकही गेला नाही. बाबांचा डावा कान मात्र कायमचा गेला.

चौकशीत मामा काय म्हणाला? "दाजींनीच ओतायला सांगितलं." खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मेला! बाबांना कामावरून काढलं.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "मी वर अर्ज करतो. त्याला खरं बोलायला लावतो."

आई म्हणाली, "जाऊ द्या ना. त्याची मुलं लहान आहेत. घाबरला होता हो तो. फोनवर रडत होता."

"स्फोटानंतर?"

आई पदराशी चाळा करत राहिली. "आदल्या दिवशी. म्हणाला, दाजींना सांगू नकोस, ओरडतील. मला वाटलं, थोडंसंच तर आहे."

 बाबा अगदी हळू म्हणाले, "म्हणजे सकाळी माझ्या हातात डबा दिलास, तेव्हा तुला माहीत होतं."

अर्ज त्यांनी केलाच नाही. मामावर दात खाऊन झाले माझे. आईचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.