उन्हाळी, येसूर आणि शनिवारची गाडी

मंगळवारी धाराशिवला एका डॉक्टरबाईंकडे गेले होते. आमच्या वाशीहून (नवी मुंबईतली नव्हे, धाराशिव जिल्ह्यातली) सकाळची एसटी, मांडीवर पर्स, पर्समध्ये गोळ्यांची अर्धवट पाकिटं.

विषय जरा अवघड आहे, पण ह्यांना विचारूनच लिहितेय. आपल्याकडं 'उन्हाळी लागली' म्हणतात ना... लघवीला आग, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात कळ. मला ती लागायची, बरी व्हायची आणि परत लागायची.

आमचे हे चाकणला कंपनीत आहेत. माझी शाळेतली नोकरी वाशीत, सासूबाईही इथंच. त्यामुळं आमचा संसार शनिवार-रविवारचा. शनिवारी पुण्याची गाडी यायच्या वेळेला मी उगाच अंगणात काहीतरी काम काढते... लग्नाला एवढी वर्षं झाली तरी!

रविवारी सासूबाई लेकासाठी मटण करायच्या. धान्य आणि मसाले भाजून दळलेला घरचा येसूर घातलेला, दाट झणझणीत रस्सा. आणि सोमवार-मंगळवारी माझी उन्हाळी ठरलेली! सासूबाईंनी दोन्हीची सांगड घातली आणि निकाल देऊन टाकला, "तुला येसूर बाधतोय बग. लई गरम असतंय ते."

झालं. घरात येसूर बंद. लेक एवढ्या लांबून यायचा आणि ताटात दुधीची भाजी, वरण-भात. मला धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक. येसूर गेला, उन्हाळी काही गेली नाही.

माझ्या मात्र एक गोष्ट लक्षात आली होती. हे आले नाहीत तर त्या आठवड्यात त्रास व्हायचा नाही... आता हे कुणाला सांगणार? मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या पुढच्या वेळेसाठी ठेवून द्यायच्या.

मग मी शनिवारी सासूबाईंचे गुडघे दाबायला त्यांच्या खोलीत जायला लागले आणि तिथंच झोपायला लागले. आठवडाभर ज्या माणसाची वाट बघायची, तो आला की त्याच्यापासूनच लांब पळायचं. भिंतीपलीकडून त्यांचं खोकणं ऐकू यायचं आणि उठून जावंसं वाटायचं... फार वाटायचं.

हळूहळू ह्यांचं येणंच कमी झालं. आधी ओव्हरटाइम, मग गाडीला गर्दी, मग नुसतंच 'बघतो'. पंचमीला आले नाहीत, पोळ्यालाही नाहीत. शनिवार खायला उठायचा. हॉर्न वाजला की सासूबाई दाराकडं बघायच्या आणि मी आत भांडी आपटायचे.

आणि मागच्या आठवड्यात, हे आलेले नसताना, परत उन्हाळी लागली! येसूर नाही, नवरा नाही... आता आळ घ्यायला घरात कुणी उरलंच नाही. म्हणून धाराशिव गाठलं.

डॉक्टरबाईंनी आधी माझी ती अर्धवट पाकिटं कचऱ्यात टाकली. मग कल्चरसाठी, म्हणजे नेमके कुठले जंतू आहेत ते तपासायला, लघवीचा नमुना द्यायला लावला, नवी गोळी त्यानंतर. बहुतेक वेळा हा त्रास देणारे ई. कोलाय नावाचे जंतू आपल्याच आतड्यात असतात, म्हणाल्या. तिथं ते गुमान राहतात, मूत्राशयात शिरले की उच्छाद मांडतात.

नवरा-बायको जवळ आले की या जंतूंना वर सरकायला वाट मिळते, हे खरं. पण तो काही नवऱ्याचा रोग नव्हे, कुणाचा दोषही नव्हे. आणि त्या जंतूंतले काही मूत्राशयाच्या अस्तरात दडून बसतात, खाटेच्या सांध्यात ढेकूण बसावेत तसे... संधी मिळाली की परत बाहेर. कोर्स पूर्ण करायचा, पाणी भरपूर प्यायचं, जवळीक झाल्यावर लघवीला जाऊन यायचं. आणि लाजायचं नाही.

बाहेर पडले आणि स्टँडवरूनच ह्यांना फोन लावला. गोंगाटात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून सगळं एका दमात सांगितलं. गुडघे दाबायचं नाटक, गोळ्या, सगळं...

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला वाटलं, माझ्याकडनंच तुला कायतरी लागतंय. म्हणून येत नव्हतो गं."

ह्यांनी तिकडं गुपचूप स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या होत्या. सगळं नॉर्मल आलं, तरी भीती जाईना. कळंबच्या गाडीची घोषणा चालली होती आणि मी खांबाकडं तोंड करून रडत होते. मी दुखण्याच्या भीतीनं आणि हे माझ्या काळजीनं, असे आम्ही दोघंही एकमेकांवाचून राहिलो होतो.

घरी येऊन सासूबाईंना जंतूंचं तेवढं सांगितलं, बाकीचं गाळलं.

"म्हंजी येसुराचं काय न्हाय?"

"नाही आई."

"मग माझ्या लेकराला इतके दिस दुधी कशापायी खाऊ घातला म्या!"

उठल्या, डबा काढला, तीळ-धने निवडायला बसल्या. आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "अन् माजे गुडघे आता बरे हायत. दाबायला येऊ नगंस."

मी पदरात तोंड लपवून आत पळाले.

हे परत कधीच होणार नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलेलं नाही. झालंच तर आता दोघं मिळून जाऊ. त्या डॉक्टरबाईंचे आणि ह्या सासूबाईंचेही आभार कसे मानायचे, मला कळत नाही.

आज शनिवार. घरभर येसूर भाजल्याचा वास आहे. गाडी बार्शीच्या पुढं आलीय म्हणे... अंगणात खरंतर काहीच काम नाही. तरी मी अंगणातच आहे.