कूपनावर बोहनी होत नाही

कढईतलं तेल तापलं होतं. परातीत आलूचे गोळे वळून तयार होते. समोर गिऱ्हाईकं ताटकळत उभी होती, आणि सुशीलाबाई काही केल्या घाणा टाकायला तयार नव्हत्या.

"पह्यलं गिऱ्हाईक नगदी पाहिजे, मॅडम," त्या मला म्हणाल्या. "कूपनावर बोहनी नाही होत."

ही गोष्ट नागपूरपलीकडच्या सौंसरची. छोट्या दुकानदारांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी नोकरी करते. घर पांढुर्ण्याला, कामाचा भाग सौंसर आणि मोहगाव. पदाचं नाव भारदस्त आहे, फील्ड कोऑर्डिनेटर. काम साधं आहे. जिथे गिऱ्हाईक यायचं थांबलं, तिथे ते परत आणायचं.

स्टँडमागच्या या गल्लीत शिंपी, चांभार, बांगडीवाली आणि सुशीलाबाईंचं आलूबोंड्याचं दुकान. सगळा व्यवहार रोखीचा. रस्त्याचं काम निघालं, बसेस लांब थांबायला लागल्या आणि गल्ली ओस पडली. सुशीलाबाईंनी मजुरी सोडून हे दुकान उभं केलं होतं. आता त्यांनी घरमालकाला सांगून टाकलं होतं, या महिन्यात गिऱ्हाईक आलं नाही तर दुकानाची खोली सोडते आणि बोरगावला परत कापूस वेचायला जाते. त्या हे बोलल्या तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून आलूबोंड्याचे पैसेही घेतले नाहीत. कधीच घेत नसत.

म्हणून एका रविवारी गल्लीतच मेळा भरवायचं ठरलं. स्पॉन्सर मिळाला, पण त्याची अट होती कूपनची. म्हणजे लोकांनी गेटवर मोबाइलवरून पैसे भरून कूपन घ्यायचं, दुकानदाराला कूपन द्यायचं, आणि दुकानदाराचे पैसे काही दिवसांनी बँकेत जमा होणार. याला सेटलमेंट म्हणतात. मीटिंगमध्ये मी म्हटलं होतं, "सर, ही माणसं आजच्या गल्ल्यातून उद्याचं तेल आणतात."

"चार दिवस उशिराने काय बिघडतं?" वानखेडे सर म्हणाले. ते आमचे नागपूरचे बॉस. "स्पॉन्सरला डेटा पाहिजे."

डेटा म्हणजे किती लोक आले आणि त्यांनी कुठे काय घेतलं. डेटापुढे तेलाचं काय चालणार?

तर रविवारी ही अशी गाडी अडली. सुशीलाबाई हटून बसल्या म्हटल्यावर शिंप्याने पुढे केलेलं कूपन हातातही घेतलं नाही. बांगडीवाली तोंड फिरवून बसली. लोक वैतागून निघायला लागले. स्पॉन्सरचा निखिल माझ्या कानाशी लागला, "मॅडम, ही अंधश्रद्धा आहे. समजवा त्यांना."

मलाही तसंच वाटत होतं. आमच्या घरी शकुन-अपशकुनाला थारा नाही, आणि सुशीलाबाईंच्याही घरी नाही. मी त्यांना बाजूला घेतलं.

"ताई, आपण जयभीमवाले. शकुन कधीपासून मानायला लागलो?"

"शकुनाचं कोण म्हणून राहिलं?" त्या झाऱ्याने तेल हलवत म्हणाल्या. "सकाळी पह्यला पैसा हातात आला का वाटते, दुकान आपलं आहे. हे कागद घेतले तर मी तुमच्या मेळ्यात कामाले आली. मंग हप्त्यानं मजुरी भेटन. मजुरीच कराची तर बोरगाव काय वाईट आहे?"

मी सरांना फोन लावला.

"ॲग्रीमेंटमध्ये कॅश नाही," सर म्हणाले.

"सर, मग बॅनर राहील आणि दुकान जाईल."

"स्पॉन्सर गेला तर जबाबदारी तुमची."

"बरं सर," म्हणून मी फोन ठेवला आणि कूपनचं टेबल उचलायला सांगितलं. आता बोहनी आपणच करू, असं ऐटीत ठरवून मी पर्स उघडली. त्यात मोबाइल, चार्जर आणि कूपनांचा गठ्ठा. निखिलच्या खिशात कार्ड. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी कुर्त्याचे सगळे खिसे चाचपून पाहिले. रोखीच्या धंद्याला मदत करायला आलेल्या आम्हा मंडळींकडे मिळून एक नोट निघाली नाही. गल्लीतले लोक हसायला लागले.

तेवढ्यात मोहगावची एक म्हातारी गर्दीतून पुढे आली. तिला मेळ्याचं काही ठाऊक नव्हतं.

"काहून उभे आहा सारे?" ती म्हणाली. "आलूबोंडे दे वं बाई, मले गाडी पकडाची आहे." आणि तिने पदराची गाठ सोडून नोट काढली.

सुशीलाबाईंनी नोट कपाळाला लावली आणि घाणा टाकला. पलीकडे शिंप्याची मशीन सुरू झाली. घरी गेलेले काही जण पैसे घेऊन परत आले. कूपनवाल्यांना आम्ही त्यांचे पैसे परत केले.

स्पॉन्सरने दुपारीच बॅनर उतरवलं. सरांनी मला 'प्रोसेस पाळत नाही' असा शेरा दिला. शेरा खरा आहे.

पुढचे मेळे आम्ही बिनास्पॉन्सरचे भरवले. मंडप नाही, फीत कापणं नाही. आसपासच्या घरांनी एकेक दुकान वाटून घेतलं. रविवारी सकाळी त्या घरातल्या माणसाने तिथे जाऊन रोखीने बोहनी करायची, एवढाच कार्यक्रम. एकदा आलेलं माणूस आठवड्यात आणखी एखादी चक्कर मारतंच.

महिनाअखेरीला घरमालक चावी मागायला आला. सुशीलाबाई घाणा तळत होत्या. "चावी कायची?" त्या म्हणाल्या. "बसा, चहा घ्या. भाडं देतो."

आता त्या माझ्याकडूनही पैसे घेतात, इतर गिऱ्हाइकांसारखेच. परवा मी म्हटलं, "ताई, आज मीठ जास्त झालं." तर म्हणाल्या, "मंग उद्या दुसरीकडं खाजो."

आमच्या कामात मदत पोचली की नाही हे ओळखण्याच्या पुष्कळ पद्धती शिकवतात. मला ही पुरते.