सायलेन्सरच्या मांगं उभी

आमच्या शेडच्या मांगं शेवग्याचं झाड आहे. गाडी उभी केली की तिच्यापासून सात पावलं. त्या झाडाखाली मी चौदा वर्षं उभी राह्यली. कोणी विचारलं, बाई तुमी काय करता, तर मी सांगे, घरीच असते. दुसरं काय सांगू? जुन्या गाड्यायच्या सायलेन्सरचा आवाज पास करते म्हटलं तर लोक पागल म्हणतीन.

आमचे हे, म्हंजे माझा नवरा, आधी कोळशाच्या खाणीत फिटर होते. सारा जन्म मोठ्या मशिनीच्या बाजूले गेला. रिटायर होईपर्यंत डावा कान पुरता गेला, उजवा बारा आणे गेला. अन् या माणसानं धंदा कोणता काढावा, तर भद्रावतीच्या बाहेर रोडवर शेड टाकून जुन्या गाड्या जिवंत करायचा. लाकडाच्या ठेकेदारायच्या जीपा, मालगुजारायच्या, म्हंजे जुन्या जमीनदारायच्या, मोठ्या मडगार्डवाल्या मोटारी. इंजिन हे हात लावून ओळखत, त्यात खोट नाई. पण अशा गाडीवाल्याले इंजिनापेक्षा आवाज पाहिजे असते. पाईप किती लांब, सायलेन्सरच्या पोटात पडदे किती, तारेची लोकर किती ठासली, त्यावर ठरते गाडी गळ्यातून बोलन का डब्यावानी वाजन. ते ऐकाले कान पाहिजे.

कान माझ्यापाशी होते. माझा बाप मूल गावाले एका राइस मिलमध्ये कामाले होता, आमची खोली मिलच्या भिंतीले लागून. पट्टा ढिला झाला की बापाच्या आधी मले समजे. "हिनं माहेरून सोनं नाई आणलं, कान आणले," असं हे पहिले पहिले लय कौतुकानं म्हणत. मंग कौतुक सरलं अन् काम राह्यलं.

बोलून उपयोग नव्हता, म्हणून खुणा ठरल्या. मूठ दाखवली की आवाज भारी, म्हंजे जड झाला. बोटं फडफडवली की फाटका झाला. दोन्ही हात जोडले की झालं, हाच ठेवा. गिऱ्हाईक सामोर असलं की हे डोळे मिटून, मान वाकडी करून, मोठ्या उस्तादावानी ऐकत उभे राहत अन् डोळ्याच्या फटीतून माझे हात पाहत. गिऱ्हाईक म्हणे, काय कान आहे भाऊचा. मी झाडाखाली शेंगा तोडत असल्यासारखं करे.

आमच्या यायची अजून एक सवय होती. गाडी चालू केली की बॉनेटवर एक ताटली ठेवत, तिच्यात चिमूटभर तांदूळ. मले वाटे चिमण्यायसाठी ठेवतात. कधी विचारलं नाई. नवऱ्याच्या साऱ्याच गोष्टी विचारत बसलं तर संसार व्हायचा कधी?

मागच्या साली मूलकडची एक मोटार आली. मालगुजाराची, लय जुनी. आणणारा त्यायचा नातू, तोच साठीच्या वरचा. पोरीच्या लग्नात नवरदेव याच गाडीत आणायचा होता. म्हणाला, "आजोबाची गाडी तलावाच्या पाळीवर चढली की आमाले वाड्यात समजे. उतारावर दोनदा खाकरे, मंग घुमत घुमत ये. तो आवाज पाहिजे." मी मनात म्हटलं, झालं आता. लहानपणीचा आवाज मागणाऱ्याचं समाधान देवही करू शकत नाई.

अन् त्याच वेळेस नागपूरले माझ्या लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण डॉक्टरनं तिले प्रवास नाई म्हटलं. म्हणून मले जायचं होतं. सासू नाई तिले, जावाई दिवसभर ड्युटीवर. दिवस भराच्या पंधरा दिवस आधी मी पोचते म्हणून कबूल केलं होतं. मी आमच्या यायले सांगतलं. हे म्हणाले, "या गाडीचा आवाज लागू दे, मंग जा."

आवाज लागेना. एक सायलेन्सर पातळ, दुसरा गुरगुरे, तिसरा उतारावर खाकरायच्या ऐवजी ढेकर दे. हे कापत, जोडत, मी मूठ दाखवे, बोटं फडफडवी. पंधराचे आठ दिवस राह्यले. पोरगी फोनवर म्हणाली, "आई, पायाले सूज आली आहे, तू येऊन राह्यली ना?" मी म्हटलं, "येते ना बाई, उद्याच निघते." असे किती उद्या झाले त्याचा हिशेब नाई. बॅग दाराशी भरून ठेवली होती, तिच्यावर धूळ बसली ते झाडली, परत बसली.

आता कोणी म्हणन, काऊन नाई गेली? दाराले काय कुलूप होतं? नव्हतं. नागपूरची यष्टी अर्ध्या अर्ध्या घंट्यानं रोडवरून जाते, तिचा आवाज मले झाडाखाली ऐकू ये. पण मी गेली असती तर त्या साठीच्या माणसासमोर हे डोळे मिटून उभे राह्यले असते, अन् फटीतून पाहाले सामोर झाडच असतं. चौदा वर्षं बांधलेलं नाव एका दुपारी गेलं असतं. मी बायको आहे, मले ते पाहवलं नसतं. पण पोरीचं तोंडही डोळ्यासामोरून जाईना. तिकडे लेक, इकडे नवरा, अन् मधात मी शेवग्याच्या खुंट्याले बांधलेली. मले रडू ये अन् त्याहून जास्त राग ये. बहिऱ्याशी भांडताही येत नाई, घसा मात्र आपला बसते.

सहावा सायलेन्सर भंगारातल्या ट्रॅक्टरचा होता. चालू केला अन् टिनाच्या डब्यात गोटे हालवल्यासारखा वाजला. इतका फालतू आवाज मी चौदा वर्षांत ऐकला नव्हता. मी दोन्ही हात जोडले.

यायनं ताटलीकडे पाह्यलं. मंग माझ्याकडे पाह्यलं, जरा जास्तच वेळ. मी हात जोडलेलेच ठेवले. यायनं गाडी बंद केली.

दुसऱ्या दिवशी नातू आला. गाडी चालू झाली, गोटे वाजले. मी झाडाखाली मान खाली घालून उभी, आता हा बोंबलते का काय म्हणून. तर त्या माणसानं टोपी काढली. डोळ्यात पाणी. म्हणाला, "हाच. हाच आवाज हो भाऊ." यायचे हात धरले, गाडी घेऊन गेला. मले सुटल्यासारखं वाटाले पाहिजे होतं, पण वाटलं नाई.

मी बॅग उचलली तर हे म्हणाले, "चुकीचा होता तो."

मी यायच्या उजव्या कानाशी जाऊन म्हटलं, "तुमाले कसं समजलं?"

यायनं ताटली दाखवली. "भारी आवाजाले दाणे मधात गोळा होतात. फाटक्याले काठाले पळतात. काल सारे काठाले होते."

मी बॅग खाली ठेवली. मंग मी म्हटलं, "म्हंजे तुमाले पहिल्यापासून समजे? मंग मले चौदा वर्षं मांगं काऊन उभी केली?"

हे खरंच विचारात पडले. "तू सांगत होती ना," हे म्हणाले. "मंग मी कशाले ताटलीवर भरोसा ठेवू?"

"अन् काल काऊन नाई बोलले?"

"तुले जायचं होतं."

या माणसाची दयाही येईना अन् रागही जाईना. यायनं बॅग घेतली, मले स्टॅंडवर आणून यष्टीत बसवलं, खिडकीतून केळी दिली. वरोरा येईपर्यंत मी केळी हातात धरूनच होती.

मी पोचली त्याच्या तिसऱ्या दिवशी नात झाली. पोरगी सुखरूप. बारसं अजून व्हायचं होतं, तवा एका सकाळी यायचा व्हिडिओ कॉल आला. सामोर कोणती तरी नवी आलेली जुनी जीप, हे फोन सायलेन्सरच्या तोंडाशी धरून उभे. यायले बोलायचं काहीच नव्हतं, फक्त माझे हात पाहायचे होते. मी स्वयंपाकघरात गेली, डब्यातून मूठभर तांदूळ घेतले अन् फोनसामोर धरले. हे तांदळाकडे पाहत राह्यले. मी फोन बंद केला.

सुटली बाप्पा, असं मी मोठ्यानं म्हटलं. पण जीप माझ्या कानात चालूच होती. फाटकी होती. पाईप चार बोटं लांब पाहिजे होता, जास्त नाई, चार बोटं. मी फोन परत हातात घेतला, परत ठेवला. मंग नात रडाले लागली, तिले खांद्यावर घेतलं. नाव कानात पडाच्या आधी मी तिच्या कानात हळूच म्हटलं, "चार बोटं."