सुईविना शिक्का

शाळेचं स्वयंपाकघर बंद झालं तेव्हा विदोसावाला तिथे एकोणीस वर्षं झाली होती. सर्बियातल्या चाचाक गावात दुसरं काम मिळेना. शेवटी रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीने तिला आफ्रिकेत, गॅबनमधल्या आपल्या छावणीवर स्वयंपाकीण म्हणून घेतलं आणि वैद्यकीय तपासणीसाठी बेलग्रेडच्या कचेरीत बोलावलं.

तिच्या पुढे बारा पुरुष उभे होते. पण रांग इतकी भराभर सरकत होती की तिला तेव्हाच शंका आली.

आत टेबलावर लसीकरणाच्या पिवळ्या पुस्तिकांची चळत होती. कंपनीच्या डॉक्टरने मानही वर न करता तिच्या पुस्तिकेवर शिक्का हाणला.

"पीतज्वराची लस झाली. पुढचा!"

"झाली? सुई कुठंय?"

"बाई, विमान गुरुवारी आहे. लस लागू पडायला दहा दिवस जातात, म्हणून मागची तारीख टाकलीय. विमानतळावर शिक्का बघतात, दंडावर टोचलेलं नाही."

"आणि डास? ते शिक्का वाचून मागे फिरतात का?"

मागून झ्लात्को नावाचा ट्रकवाला ओरडला, "ओ मावशी, सरका की! पोटात कावळे ओरडतायत!" सगळे हसले.

विदोसावा गर्रकन वळली. "हसा. माझा भाऊ रातोमिर अंगोलाहून सुट्टीवर आला होता. घरी आल्यावरही महिनाभर गोळ्या घ्यायच्या, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. आठव्या दिवशी ताप भरला. डॉक्टर म्हणाला, फ्लू. आईने तळपायांना राकिया दारू चोळली. चार दिवसांत गेला. मलेरिया होता, हे आम्हाला तो गेल्यावर कळलं. हसा आता!"

झ्लात्को पुटपुटला, "गोळ्या तिथे गेल्यावर देणार आहेत म्हणे."

"निघायच्या आधी सुरू करायच्या असतात त्या, लेका!"

ती तडक सरकारी लसीकरण केंद्रात गेली. तिथल्या नर्सने आधी अंड्यांची ॲलर्जी आहे का, कोणता आजार आहे का, सगळं विचारलं आणि मगच सुई टोचली. मलेरियाच्या गोळ्या कधी सुरू करायच्या, कधी थांबवायच्या, तेही लिहून दिलं. खऱ्या तारखेची नवी पुस्तिका घेऊन विदोसावा कचेरीत परतली.

"गुरुवारी विमानात नसाल तर नाव कापू," व्यवस्थापक म्हणाला.

"कापा. तुमची खोटी पुस्तिका माझ्या पिशवीत आहे. मग मी ती आरोग्य निरीक्षकाला दाखवते."

त्याने तिचं तिकीट पुढे ढकललं. रांगेतल्या दोघांनी जाऊन लस टोचून घेतली. बाकीचे, झ्लात्कोसकट, गुरुवारी उडाले.

तीन आठवड्यांनी ती छावणीवर पोचली, तर झ्लात्को खाटेवर थरथर कापत पडलेला. छावणीप्रमुख म्हणाला, "ऊन लागलंय."

"ऊन? तुमची अक्कल उन्हात वाळत घातलीय!" ती कडाडली. तिने भाजीचा ट्रक थांबवला, झ्लात्कोला त्यात घातलं आणि दोन तासांवरच्या दवाखान्यात नेलं. मलेरियाच निघाला. तो वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर काही सांगता आलं नसतं.

त्याच संध्याकाळी तिने खोट्या शिक्क्याचा फोटो तक्रारीसोबत निरीक्षकाला पाठवला. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: प्रकरण विचाराधीन आहे. त्याच आठवड्यात छावणीवर नवे नऊ जण उतरले. विदोसावाने एकेकाला दंड उघडा करायला लावून विचारलं, "सुई टोचली होती का रे?" सहा जणांनी माना हलवल्या: नाही.

तिने हात पुसले आणि दुसरी तक्रार लिहायला घेतली.