रस्त्यावर आपटलेली काठी

आमच्या ठाण्यात बदलून आलेला माणूस आठवड्याभरात एक गोष्ट कुणी न सांगता शिकतो. काठी माणसावर चालवायची नाही, रस्त्यावर आपटायची. गर्दी सरकत नसेल तर आपटायची, दारुडा ऐकत नसेल तर आणखी जोरात आपटायची. माझ्या काठीचं खालचं टोक आपटून आपटून चुन्याच्या कुंच्यासारखं फुटलं होतं. बाजारातली पोरं माझी नक्कल करायची. एकजण पोट पुढं काढून चालायचा, चिपाडानं जमीन बडवायचा आणि बाकीची हसत पळायची. मीही हसायचो.

सवय लागायला कारण होतं. आमच्यातल्या एकानं यात्रेत एका माणसाला काठी मारली होती. त्याआधी त्या माणसानं काय केलं ते आम्ही पाहिलं होतं, पण मोबाईलमध्ये फक्त मार आला. आमचा माणूस निलंबित झाला. चौकशीतून सुटून परत आला तेव्हा जेवणाच्या डब्यापुरतंच बोलायचा. वरून कुणी हुकूम काढला नाही. मारायचं नाही हे आम्हीच ठरवलं, तेही एकमेकांशी न बोलता.

मी हवालदार आहे. धाराशिव जिल्ह्यातच जन्मलो, इथंच नोकरी केली. हे घडलं त्या गावाचं नाव लिहीत नाही. माझं झाकण्यासारखं काही उरलेलं नाही, पण ज्या घराबद्दल लिहितो आहे त्याचं आहे. हे छापून आल्यावर मला विचारणा होईल. होऊ द्या.

ड्यूटीआधी सकाळी गावाबाहेरच्या माळावर मी पोलीस भरतीच्या पोरांची तयारी करून घेतो. पोरांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, मग गोळाफेक. त्यात एक मुलगी होती. तिचे वडील आठवडी बाजारात गुरांच्या दोऱ्या, म्हणजे दावी, कासरे, म्होरक्या विकायचे, सगळा माल घरी हातानं वळलेला. तिची धाव बघून मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "हिच्या अंगावर वर्दी आली नाही तर मी माळावर यायचं सोडून देईन." असं बोलायला काही लागत नाही.

हे घडलं त्या दिवशी बाजारात शेळ्यांची खरेदी आटोपत आली होती. तिघंजण एका मोटरसायकलवर आले. प्यालेले होते. गाडी थेट त्या दोरवाल्याच्या, म्हणजे मुलीच्या वडिलांच्या, ढिगावरून गेली. त्यांनी उठून हँडल धरलं.

"उतरा अन् नीट लावून द्या," एवढंच ते म्हणाले.

तिघं त्यांच्यावर तुटून पडले. मी समोरच होतो. धावत गेलो आणि काठी रस्त्यावर आपटली.

"आपटा मामा, आपटा," त्यातला एकजण म्हणाला. "डांबर निघालं तर ठेकेदाराला बोलवू."

लोक हसले. तो हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. सगळ्यांचे मोबाईल वर होते आणि मी त्या तिघांकडं बघायचं सोडून मोबाईलकडं बघत होतो. शेळ्या बांधायची एक लोखंडी मेख तिथं पडली होती. त्या बोलणाऱ्यानं ती उचलली. मेख वर गेली आणि खाली आली, यात मधे वेळ होता. फार नव्हता, पण एक काठी मारायला पुरेसा होता. प्रशिक्षणात शिकवलेलं मला आठवतही होतं, कमरेच्या खाली, पोटरीवर, डोक्यावर कधीच नाही. मी काठी परत रस्त्यावर आपटली. मेख दोरवाल्याच्या उजव्या कोपरावर बसली.

त्यानंतर मी काठी टाकली, त्या पोराला मागून कव घातली, ठाण्यात नेलं. गुन्हा दाखल झाला. सगळं नियमानं झालं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "व्हिडिओ पाहिला मी. एकदम स्वच्छ. असा संयम पाहिजे." हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर पुन्हा तेच म्हणाले. मी सावधान उभा होतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला जाहीर शाबासकी मिळाली ती या एका गोष्टीसाठी.

बाजारानंही तो व्हिडिओ पाहिला होता. बांगडीवाली मावशी दिवस मावळेपर्यंत बसायची, ती दुपारीच गाठोडं बांधायला लागली. भर रस्त्यात गाड्या लावून पोरं बसायला लागली आणि मी जवळ गेलो की एकसुरात म्हणायची, "आपटा मामा." माळावरची गर्दी विरळ झाली. एकजण म्हणाला, "सर, म्या वनरक्षकाचं बघतो." दुसरा म्हणाला, "तलाठीच बरा. त्याला कुणी रस्ता बडवायला लावत न्हाय." पोरांना पोलिसात यायचं नाही म्हणून बरंच बोललं जातं, पगार कमी, सुट्टी नाही. पगार आणि सुट्टी आधीही तेवढीच होती आणि माळ भरलेला होता. समोर माणूस मार खात असताना उभं राहायचं असेल तर वर्दी कशाला घालायची, एवढंच त्यांना कळलं होतं.

ती मुलगीही यायची थांबली. मी तिच्या घरी गेलो. अंगणातल्या लिंबाला एक टोक बांधून ती दावं वळत होती. वडील बाजेवर, हात प्लॅस्टरमध्ये.

"बसा जमादार," ते म्हणाले.

मी तिला विचारलं, "माळावर का येत नाहीस?"

"दावी कोण वळंल? त्यांच्या हातानं आता पीळ बसत न्हाय."

"अन् खाकी नको म्हणून मीच सांगितलंय," वडील म्हणाले. "मार खायची नोकरी असती तर जा म्हणलो असतो. ही तर मार बघायची नोकरी."

तिनं वळणं थांबवलं. "सर, एक विचारू? तुम्हाला मेख दिसली न्हाय, का भ्या वाटलं?"

"दिसली होती."

"मग भ्या वाटलं."

"व्हय."

"मेखंचं?"

"मोबाईलचं."

वडील हसले. "घ्या. मेख मला लागली अन् मोबाईल जमादाराला."

मी माफी मागायला गेलो होतो. त्या वाक्यानंतर मागता आली नाही. चहा पिऊन निघालो.

एक गोष्ट इथंच सांगतो, नाहीतर कुणी म्हणेल की हवालदाराला काठीची हौस आहे. ठाण्याच्या खोलीत हात बांधलेल्या माणसाला मारणारे मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल मला कधी आदर वाटला नाही आणि ते दिवस परत नकोत. पण मेख उगारलेल्या माणसापुढं मी जे केलं त्याला संयम म्हणत असाल तर तो शब्द मला लावू नका. मी घाबरलो होतो.

मेखवाला जामिनावर सुटला. नंतरच्या एका बाजारात वडिलांच्या जागी ती मुलगी बसली होती. तो आला, केस मागं घे म्हणाला. ती दावी मांडत राहिली. त्यानं ढीग लाथेनं उडवला, तिचं मनगट धरून पिरगाळलं. मी पोचून म्हणालो, "सोड तिला."

माझ्याकडं न बघताच तो म्हणाला, "आपटा मामा."

मी पुन्हा सांगितलं. त्यानं हात आणखी पिरगाळला, ती ओरडली. मी काठी मारली. पोटरीवर, एकदा. तो खाली बसला आणि मनगट सुटलं. मोबाईल मागच्यासारखेच वर होते. या वेळी मी त्यांच्याकडं नीट बघितलं.

"सुरुवातीपासून घेतलं का?" मी विचारलं. ज्याचा त्यानं मोबाईल खिशात घातला.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ फिरला. तो माझ्या काठीपासून सुरू होत होता. साहेब समंजस माणूस, त्यांनी दार लावून घेतलं. "लिहून द्या, जमिनीवर आपटताना चुकून लागली. तुम्ही आपटताच, सगळ्यांना माहीत आहे. मी मिटवतो."

म्हणजे ज्या सवयीनं दोरवाल्याचा हात गेला तीच आता माझी नोकरी वाचवणार होती.

"चुकून नाही साहेब," मी म्हणालो. "नेम धरून मारली."

"घरी कुणी कमावतं आहे का दुसरं?"

"नाही."

"मग कशाला ही मिजास?"

"मागच्या वेळी मारली नाही, ती माझी चूक होती. तिच्याबद्दल तुम्ही शाबासकी दिलीत. आधी ती परत घ्या, मग नोटीस द्या."

शाबासकी त्यांनी परत घेतली नाही. नोटीस दिली. चौकशी चालू आहे.

गेल्या आठवड्यात माळावर दोघंच पोरं होती. त्यांच्या मागं ती येऊन उभी राहिली. मनगटावर अजून सूज होती.

"वडिलांनी पाठवलं?" मी विचारलं.

"न्हाय. त्यांना अजून खाकी नकोच हाय. मी दावी वळून ठेवून आले." ती बुटाची नाडी बांधायला वाकली. "सर, तुम्ही मारलं म्हणून आले असं समजू नका. भरती झाले तर म्या रस्ता बडवणार न्हाय. लागंल तिथं मारीन, न्हाय तर काठी काखेत ठेवीन."

"आणि व्हिडिओ निघाला तर?"

"निघू द्या." ती सरळ उभी राहिली. "तुमच्या चौकशीत माझा जबाब घेतला का?"

"नाही अजून."

"मग घ्या म्हणावं. मोबाईल नंतर आले. मी पहिल्यापासून तिथंच होते."

दोघं पोरं तिच्याकडं बघत होती. मी त्यांना रेषेवर उभं केलं आणि शिट्टी वाजवली.